बाकावरचा सूत्रधार

हॉकी म्हटले की आपल्याकडे डोळ्यांपुढे उभे राहते ते हिरवे मैदान, दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू आणि ध्यानचंदांच्या काठीशी जणू जडून राहिलेला पांढरा चेंडू. परंतु याच नावाचा आणखी एक खेळ थंड देशांत बर्फावर खेळला जातो. लडाखमध्ये हिवाळ्यात तळी गोठली म्हणजे लेहची मुलेही तो खेळतात. कॅनडामध्ये मात्र तो केवळ खेळ नाही, त्या देशाच्या हिवाळ्याचा तो श्वास आहे. प्रत्येक बाजूस सहा खेळाडू, पायांत पोलादी पात्यांचे जोडे, हातांत वाकड्या टोकाच्या काठ्या, आणि चेंडूच्या जागी कठीण रबराची एक चपटी चकती. खेळाची गती इतकी विलक्षण की धट्टाकट्टा जवानही मिनिटभरात थकतो. त्यामुळे खेळ चालू असतानाच खेळाडू बाकावर परततात आणि ताज्या दमाचे गडी कठडा ओलांडून त्यांची जागा घेतात. कोणी, केव्हा आणि कोणाविरुद्ध उतरायचे हे बाकामागे उभा असलेला प्रशिक्षक ठरवतो. तो स्वतः चकतीला स्पर्शही करीत नाही, पण सारे सोंगट्यांचे पट त्याच्याच डोक्यात मांडलेले असतात.

या खेळातील सर्वोच्च बहुमान म्हणजे स्टॅन्ले चषक. तो एका सामन्यात मिळत नाही. अंतिम फेरीत दोन संघ एकमेकांशी पुनःपुन्हा झुंजतात आणि सातांपैकी चार सामने जो प्रथम जिंकेल तो विजयी ठरतो. एखाद्या सामन्याचा निकाल दैवाच्या एका फटक्याने लागू शकतो. मालिकेचा सहसा लागत नाही. एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोन आठवडे गाठ पडली म्हणजे त्याचे बळ आणि त्याचे वैगुण्य दोन्ही उघडे पडतात. पहिल्या दिवशी फळलेली युक्ती चौथ्या दिवशी फळेलच असे नाही, कारण मधल्या काळात पलीकडचा माणूसही विचार करीत असतो. म्हणून मालिका ही जितकी खेळाडूंच्या अंगबळाची, तितकीच दोन प्रशिक्षकांच्या निर्णयशक्तीची कसोटी असते. या विधानाची सत्यता पाहावयाची तर 1942 सालच्या एप्रिल महिन्याकडे वळले पाहिजे.

त्या वर्षी अंतिम फेरीत टोरांटोचा ‘मेपल लीफ्स’ आणि डेट्रॉइटचा ‘रेड विंग्ज’ हे संघ समोरासमोर आले. महायुद्ध ऐन भरात होते आणि खेळाडू एकामागून एक सैन्यात दाखल होत होते. टोरांटोच्या संघाने 1932 साली चषक जिंकला होता. त्यानंतरच्या दहा वर्षांत तो सहा वेळा अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि सहाही वेळा हरला. या वेळी मात्र नगरवासीयांना यशाची खात्री वाटत होती, आणि ती निराधार नव्हती. सात संघांच्या नियमित स्पर्धेत टोरांटो दुसऱ्या स्थानावर होता आणि त्याने पहिल्या स्थानावरील न्यूयॉर्कच्या संघाला उपांत्य फेरीत नमवले होते. डेट्रॉइटचे स्थान पाचवे होते. त्यांनी जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेल्या सामन्यांची संख्या अधिक होती.

पण डेट्रॉइटचे प्रशिक्षक जॅक ॲडम्स हे कसलेले गृहस्थ होते. 1927 पासून त्या संघाची धुरा त्यांच्याकडे होती, आणि 1936 व 1937 असा लागोपाठ दोन वर्षे त्यांनी चषक जिंकून दिला होता. टोरांटोच्या बचावफळीत धिप्पाड आणि अनुभवी गडी होते. अंगावर येणाऱ्या खेळाडूला ते खांद्याच्या एका धडकेने आडवे करीत, परंतु वळून मागे धावण्यात ते मंद होते. ॲडम्स यांनी हे नेमके हेरले. चकती काठीवर खेळवत या भिंतीवर धडका देण्याऐवजी ती भिंतीपलीकडे, प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात फेकून द्यावी आणि मग वेगाने तिच्यामागे धावावे, असा आदेश त्यांनी दिला. यात कलाकुसर नव्हती, आणि प्रेक्षकांना ती रीत ओबडधोबड वाटली असेल. परंतु जड शरीराचा बचावपटू वळून कोपऱ्यात पोहोचेपर्यंत डेट्रॉइटचा चपळ गडी तेथे आधीच हजर असे. दुबळ्या सैन्याने बलाढ्य सैन्याशी समोरासमोर न भिडता त्याच्या पिछाडीवर धाड घालावी, ही रीत मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही.

परिणाम त्वरित दिसून आला. 4 एप्रिलला टोरांटोतच डेट्रॉइटने पहिला सामना 3 विरुद्ध 2 गोलांनी जिंकला. 7 एप्रिलला दुसरा 4-2 असा जिंकला. 9 एप्रिलला डेट्रॉइटमध्ये तिसरा सामना झाला, तोही 5-2 असा त्यांच्याच पदरात पडला. आता फक्त एक विजय हवा होता. अंतिम फेरीत पहिले तिन्ही सामने गमावलेल्या कोणत्याही संघाने तोवर चषक जिंकला नव्हता. टोरांटोची सातवी निराशा ठरल्यासारखीच होती.

टोरांटोचे प्रशिक्षक क्लॅरन्स डे यांना सारे ‘हॅप’ म्हणजे आनंदी या टोपणनावाने ओळखत. त्यांचे शिक्षण औषधनिर्मितीचे. याच संघाचे ते दहा वर्षे कर्णधार होते, नंतर काही काळ पंच होते, आणि 1940 पासून प्रशिक्षक झाले होते. नाव आनंदी असले तरी माणूस शिस्तीचा होता. तिसऱ्या पराभवानंतर त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. खेळाडूंचे मन उभारून त्याच संघाला पुन्हा उतरवावे, हा पहिला मार्ग. तो सोपा होता आणि त्यासाठी कोणी त्यांना दोष दिला नसता. हरलो तरी आपल्या उत्तमोत्तम खेळाडूंनिशी हरलो, असे म्हणता आले असते. दुसरा मार्ग म्हणजे उत्तमोत्तम खेळाडू या शब्दांचा अर्थच नव्याने तपासणे.

डे यांनी दुसरा मार्ग पत्करला. चौथ्या सामन्यासाठी त्यांनी गॉर्डी ड्रिलन आणि ‘बको’ मॅक्डोनाल्ड या दोघांना वगळले. ड्रिलन हे त्या मोसमात टोरांटोचे सर्वांत यशस्वी आक्रमक होते. 23 गोल त्यांच्या नावावर होते, आणि चार वर्षांपूर्वी सबंध स्पर्धेत सर्वाधिक गुण त्यांनीच मिळवले होते. मॅक्डोनाल्ड हे बचावफळीतील जुने, विश्वासू खेळाडू. पूर्वी डेट्रॉइटकडून खेळताना त्यांनी ॲडम्स यांच्याच हाताखाली दोनदा चषक जिंकला होता. गोलासमोर उभे राहून चकती अचूक वळवण्यात ड्रिलन यांचा हातखंडा होता, आणि समोरून येणाऱ्याला अडवण्यात मॅक्डोनाल्ड यांचा. परंतु ॲडम्स यांनी खेळाचे केंद्रच कोपऱ्यांत नेले होते. तेथे नेमबाजीपेक्षा आणि खांद्याच्या बळापेक्षा पायांची चपळाई अधिक मोलाची होती.

वगळलेल्यांच्या जागी आलेली माणसे कोण होती? पश्चिमेकडील सस्कॅचेवान प्रांतातील डॉन मेट्झ हा एरवी बहुधा बाकावरच बसणारा राखीव गडी. त्याचा थोरला भाऊ निक हा संघाचा आधारस्तंभ, आणि डॉनची ओळख बहुतेकांना निकचा भाऊ एवढीच. त्याच्याबरोबर हँक गोल्डप आला. पुढच्या सामन्यांत एर्नी डिकन्स हा विशीतला बचावपटू आणि गे स्ट्यूअर्ट हा अवघ्या अठरा वर्षांचा पोरगाही उतरवण्यात आला. टोरांटोतील जाणकारांनी कपाळाला हात लावला असेल, तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. वजीर बाजूस ठेवून प्याद्यांवर डाव लढवण्याचाच हा प्रकार होता.

सांगतात की 12 एप्रिलच्या चौथ्या सामन्यापूर्वी डे यांनी खेळाडूंना एका चौदा वर्षांच्या मुलीचे पत्र वाचून दाखवले. टोरांटोवर प्रेम करणारी ही मुलगी खुद्द डेट्रॉइटमध्ये राहत होती. आपला संघ हरला तर शाळेत तोंड दाखवणे कठीण होईल, असा तिच्या पत्राचा आशय होता. पत्राने मने हलली असतील, पण सामना हलायला वेळ लागला. डेट्रॉइटने प्रथम दोन गोल केले. टोरांटोने बरोबरी साधली. डेट्रॉइट पुन्हा पुढे गेले. कर्णधार सिल ॲप्स याने पुन्हा बरोबरी केली, आणि अखेरच्या सत्रात निक मेट्झने विजयी गोल नोंदवला. त्या गोलासाठी चकती पुरवणाऱ्यांत त्याचा धाकटा भाऊ डॉनही होता. टोरांटो 4, डेट्रॉइट 3.

येथवर एका प्रशिक्षकाच्या निर्णयाची कथा झाली. त्याच रात्री दुसऱ्या प्रशिक्षकानेही एक कृती केली. शेवटच्या मिनिटांत पंच मेल हारवुड यांनी डेट्रॉइटच्या खेळाडूंना दंड केले होते. सामना संपताच ॲडम्स बाकामागून थेट बर्फावर धावले आणि त्यांनी पंचांवर हात टाकला. संघटनेचे अध्यक्ष फ्रँक कॅल्डर त्या रात्री तेथे उपस्थित होते. त्यांनी ॲडम्स यांना अनिश्चित काळासाठी निलंबित केले. ज्या डोक्यातून ही मालिका फिरवणारी युक्ती निघाली होती, ते डोके आता बाकामागे दिसणार नव्हते. संघाची सूत्रे एबी गुडफेलो यांच्याकडे आली. ते अनुभवी होते, पण त्यांचा अनुभव होता खेळाडूचा. मालिकेत डेट्रॉइट अजूनही 3-1 असे पुढे होते आणि त्यांना अद्याप एकच विजय हवा होता. परंतु डे यांच्या बदलांना उत्तर शोधण्याची वेळ आली, तेव्हा ते शोधणारा माणूसच जागेवर नव्हता.

पाचवा सामना 14 एप्रिलला टोरांटोत झाला. टोरांटोने तो 9-3 असा जिंकला, आणि बाकावरच्या त्या डॉन मेट्झने एकट्याने तीन गोल केले व आणखी दोन गोलांना हातभार लावला. सहाव्या सामन्यात डेट्रॉइटच्या घरच्या मैदानावर पहिला गोल त्याचाच होता. गोलरक्षक टर्क ब्रोडा याने प्रतिस्पर्ध्यांना एकही गोल करू दिला नाही आणि सामना 3-0 असा सुटला. मालिका बरोबरीत आली. 18 एप्रिलच्या सातव्या सामन्यास टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये 16,218 प्रेक्षक लोटले. कॅनडात हॉकीच्या सामन्याला तोवर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. दोन सत्रे संपली तेव्हा डेट्रॉइट 1-0 असे आघाडीवर होते. तिसऱ्या सत्रात श्राइनर याने बरोबरी साधली, लँगेल याने आघाडी मिळवून दिली, आणि श्राइनरनेच तिसरा गोल करून निकालावर शिक्कामोर्तब केले. टोरांटो 3, डेट्रॉइट 1. पहिले तीन सामने गमावून अंतिम मालिका जिंकणारा तो पहिला संघ ठरला, आणि अंतिम फेरीत तसे करून दाखवणारा दुसरा संघ आजवर निघालेला नाही.

या विजयाचे श्रेय केवळ एका निर्णयाला देणे अर्थातच अन्यायाचे होईल. ब्रोडाचे गोलरक्षण, ॲप्सचे नेतृत्व, श्राइनरचा नेम यांपैकी काहीही डे यांनी बाकामागून निर्माण केले नव्हते. प्रशिक्षक सामर्थ्य उत्पन्न करू शकत नाही. असलेल्या सामर्थ्याला वाट मात्र करून देऊ शकतो. डे यांनी ओळखले ते एवढेच की माणसाची योग्यता ही निरपेक्ष गोष्ट नसते. कोणत्या कामासाठी आणि कोणासमोर, यावर ती अवलंबून असते. मोसमभराच्या आकड्यांत ड्रिलन श्रेष्ठ होते, पण ते आकडे सहा निरनिराळ्या संघांविरुद्धचे होते. आता प्रतिस्पर्धी एकच होता आणि त्याची रीतही एकच होती.

परंतु अशा निर्णयाची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. ड्रिलन पुन्हा टोरांटोकडून खेळले नाहीत. संघाने त्यांना माँट्रियलच्या संघाकडे धाडले. तेथे पुढच्या मोसमात त्यांनी 28 गोल केले, मग ते सैन्यात गेले, आणि या स्पर्धेत पुन्हा उतरले नाहीत. 1975 साली हॉकीच्या कीर्तिमंदिरात त्यांची निवड झाली. सबंध स्पर्धेत सर्वाधिक गुण मिळवणारा टोरांटोचा अखेरचा खेळाडू म्हणून आजही त्यांचेच नाव घ्यावे लागते. विजयाच्या जल्लोषात संघ जे विसरतो ते इतिहासाने विसरू नये. तो निर्णय योग्य होता, आणि ड्रिलन यांचा काही अपराधही नव्हता.

मॅक्डोनाल्ड यांची कथा वेगळ्या वळणाने गेली. ते पुढे कॅनडाच्या संसदेचे सदस्य झाले. आँटारिओ प्रांतातील पॅरी साउंड या गावी ते मुलांना हॉकी शिकवीत. त्या मुलांत बॉबी ऑर नावाचा एक असामान्य मुलगा होता. एवढा चपळ मुलगा आघाडीवरच हवा, असे कोणीही म्हटले असते. मॅक्डोनाल्ड यांनी त्याला बचावफळीत उभे केले. बचावपटूची मंद गती संघाला किती महागात पडते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ऑर मोठा झाला, बॉस्टनच्या संघात गेला, आणि मागून धावत येऊन गोल करणारा बचावपटू कसा असतो हे त्याने जगाला दाखवले.

याच ऑरच्या बॉस्टन संघाची गाठ 1971 साली पहिल्याच फेरीत माँट्रियलशी पडली. बॉस्टन हे आदल्या वर्षीचे विजेते, आणि त्या मोसमात त्यांनी 57 सामने जिंकले होते. माँट्रियलचे प्रशिक्षक ॲल मॅकनील यांना मोसमाच्या मध्यावर त्या पदावर येऊन काही महिनेच झाले होते. त्यांनी गोलात उभे केले केन ड्रायडन या कायद्याच्या विद्यार्थ्याला. स्पर्धेतील अवघ्या सहा सामन्यांचा अनुभव त्याच्या गाठीस होता. पहिला सामना बॉस्टनने जिंकला. दुसऱ्या सामन्यात बॉस्टनचे प्रशिक्षक टॉम जॉन्सन यांनी विजयी गोलरक्षक चीव्हर्स यांना विश्रांती देऊन जॉन्स्टन यांना उतरवले. बॉस्टन 5-1 असे पुढे असताना डाव उलटला आणि माँट्रियलने तो सामना 7-5 असा जिंकला. एका बाजूने नवख्यावर ठेवलेला विश्वास आणि दुसऱ्या बाजूने विनाकारण केलेला बदल यांच्या बेरजेतून सात सामन्यांअखेर बॉस्टनसारखा संघ स्पर्धेबाहेर गेला. बदल करणे हे स्वतःच शहाणपण नव्हे, हेही यावरून ध्यानात यावे. डे यांनी हरणारा संघ बदलला होता; जॉन्सन यांनी जिंकणारा गोलरक्षक बदलला.

त्याच वर्षी अंतिम फेरीत शिकागोविरुद्धच्या पाचव्या सामन्यात मॅकनील यांनी आँरी रिशार या ज्येष्ठ खेळाडूला बाकावर बसवले. सामना गेला. संतापलेल्या रिशार यांनी मॅकनील यांच्या योग्यतेवर जाहीर टीका केली, आणि मॅकनील यांना फ्रेंच बोलता येत नसल्यामुळे माँट्रियलमध्ये त्या वादाला भाषेचा रंग चढला. प्रशिक्षकाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तरीही पुढील सामन्यांत मॅकनील यांनी आकस धरून रिशार यांना बाहेर ठेवले नाही. सातव्या सामन्यात माँट्रियल 0-2 असे मागे पडले होते. पहिला गोल लमेर याने केला. बरोबरीचा आणि विजयाचा असे पुढचे दोन्ही गोल रिशार यांनीच केले. चषक माँट्रियलला मिळाला, पण मॅकनील यांचे पद मात्र राहिले नाही. त्यांना नोव्हा स्कोशियातील दुय्यम संघाकडे पाठवण्यात आले आणि स्कॉटी बोमन प्रशिक्षक झाले.

स्टॅन्ले चषकाच्या बाद फेऱ्यांत तीन पराभवांनंतर मालिका फिरवण्याचा पराक्रम टोरांटोनंतर आणखी तीन संघांना साधला: न्यूयॉर्क आयलंडर्स 1975 साली, फिलाडेल्फिया 2010 साली आणि लॉस एंजेलिस 2014 साली. यांपैकी 1975 साली प्रशिक्षक ॲल आर्बर यांनी चौथ्या सामन्यात गोलरक्षक बदलला होता, आणि नवा गोलरक्षक रेश याने सातवा सामना 1-0 असा राखून दिला. 2024 साली एडमंटनचा संघ अंतिम फेरीत तीन पराभवांवरून बरोबरीपर्यंत आला आणि सातव्या सामन्यात एका गोलाने हरला. खुद्द डे आणि ॲडम्स यांची 1945 साली पुन्हा गाठ पडली होती. त्या वेळी टोरांटोने पहिले तीन सामने जिंकले, डेट्रॉइटने पुढचे तीन, आणि सातवा टोरांटोने 2-1 असा कसाबसा जिंकला. तीन सामन्यांची आघाडी किती तकलादू असते, हे डे यांना कोणी वेगळे शिकवण्याची गरज नव्हती.

डे यांनी प्रशिक्षक म्हणून एकंदर पाच वेळा चषक जिंकला. ॲडम्स यांनीही 1942 चे अपयश फार काळ उराशी बाळगले नाही. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटने बॉस्टनला सलग चार सामन्यांत हरवून चषक मिळवला. आणि 1974 पासून या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाला दरवर्षी जो पुरस्कार दिला जातो, त्याला नाव आहे जॅक ॲडम्स यांचे. हे नाव अनुचित आहे असे मुळीच नाही. पाचव्या क्रमांकाच्या संघाला विजयाच्या उंबरठ्यापर्यंत नेणारी बुद्धी त्यांचीच होती. मात्र तो पुरस्कार स्वीकारणाऱ्या प्रत्येकाने 12 एप्रिल 1942 ची रात्र आठवून पाहावी. त्या रात्री एकाने आपला सर्वांत नामांकित खेळाडू बाकावर बसवला, आणि दुसऱ्याला स्वतःचा राग बाकावर बसवता आला नाही.